ट्रॅक डे, स्पोर्ट्स कार आणि चार लॅप्सचा डेटा

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत गाड्यांची आवड असलेल्या विद्यार्थ्यांकडून एक उत्तर हमखास येतं: "मला हाय-परफॉर्मन्स कार्सवर काम करायचंय." पॅनेलमधून पुढचा प्रश्न येतो, "बरं, पण नक्की काय मोजायचंय?" आणि तिथे गाडी अडते. आवड खरी असते, वाचनही भरपूर असतं. पण "ही गाडी भारी आहे" इथपासून "या गाडीबद्दल मला हा एक प्रश्न सोडवायचाय" इथपर्यंत कसं यायचं, हे बहुतेकांना कोणी समोर बसवून सांगितलेलं नसतं.

आज ते आपण ट्रॅक डेच्या उदाहरणावरून करून बघू. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय. स्पोर्ट्स कार ट्रॅकवर चालवणं हा इतका जोरदार अनुभव आहे की त्यातून उतरलेल्या माणसाला सगळं कळल्यासारखं वाटतं. शिवाय हातात आकडाही असतो, लॅप टाइम. अनुभव आहे, आकडा आहे, मग संशोधन झालंच की! नाही झालेलं. का नाही, ते टप्प्याटप्प्याने पाहू. तुमचा विषय ऑटोमोबाइल नसला तरी शेवटपर्यंत वाचा. गाडीच्या जागी तुमचा बॅक्टेरिया, तुमचा अल्गोरिदम किंवा तुमची शाळा ठेवली तरी यातले अडथळे तेच राहतात.

ट्रॅक डे म्हणजे काय

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. एखादा आयोजक रेस ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतो आणि लोक स्वतःच्या किंवा आयोजकांच्या गाड्या तिथे चालवतात. सकाळी ब्रीफिंग होतं: कोणता झेंडा दिसला की काय करायचं, ओव्हरटेक कुठे करायचं आणि कुठे अजिबात करायचं नाही, पिटमध्ये आत कसं यायचं. मग अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला साधारण १५-२० मिनिटांची सेशन्स मिळतात. पहिली लॅप टायर आणि ब्रेक गरम करायला, शेवटची ते थंड करायला. मधल्या चार-पाच लॅप्स काय त्या खऱ्या.

भारतात यासाठी मोजकेच ट्रॅक आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किमीचं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक ३.७१७ किमीचा. कोईम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे त्याहून छोटा. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये असाल तर तो फॉर्म्युला भारतमुळे ओळखीचा असेल. जगात सगळ्यात जास्त नाव अर्थातच जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेचं. तिथे ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी घेऊन जाऊ शकतो, पण त्या वेळी तो टोल भरून वापरायचा एकतर्फी रस्ता मानला जातो. वाहतुकीचे नियम लागू असतात आणि लॅपची वेळ मोजायला बंदी असते. या बंदीकडे आपण पुढे परत येऊ.

आधी यंत्रणा समजून घ्या

उपकरण लावण्याआधी आपण काय मोजणार आहोत त्यामागची यंत्रणा कळायला हवी. ट्रॅकवर गाडीचं इंजिन डोळ्यांत भरतं, पण जवळजवळ सगळा खेळ टायरचा आहे. जमिनीला टेकलेले चार तळहाताएवढे तुकडे, आणि वेग वाढवणं, कमी करणं, वळणं ही तिन्ही कामं त्यांच्याकडून.

वळणावर लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. टायरला १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं बाजूचं त्वरण झेपत असेल तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर जास्तीत जास्त वेग येतो ताशी साधारण ८० किमी. तुम्ही ८४ ने आत शिरलात, तर वेग फक्त ५ टक्के वाढला, पण पकड १० टक्के जास्त लागते. ती नसेल तर गाडी रेषेबाहेर जाते. उलट बाजूने बघा: १० टक्के जास्त पकड देणारे महागडे टायर लावले तरी वळणावरचा वेग जेमतेम ५ टक्के वाढतो.

दुसरी गोष्ट, ही पकड महिन्याच्या पगारासारखी असते. एकच रक्कम सगळ्या खर्चांत वाटायची. पण ही वाटणी साध्या बेरजेची नाही, पायथागोरसची आहे. एकूण पकड १ धरली आणि ब्रेकिंगला ०.८ वापरली, तर वळायला ०.२ नाही, ०.६ उरते. याला फ्रिक्शन सर्कल म्हणतात. अनुभवी ड्रायव्हर वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत जातो, ते याच वर्तुळाच्या कडेकडेने जाण्यासाठी. नवखा आधी पूर्ण ब्रेक मारतो, मग पूर्ण सोडतो, मग वळतो. मधल्या क्षणी त्याची बरीच पकड वापराविना पडून राहते.

तिसरी गोष्ट वजनाची. १५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.६ मीटर. १ जीच्या वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४७० किलोचा भार सरकतो. प्रत्येक बाजूला ७५० होते, ते आता बाहेर १२२० आणि आत २८०. टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून या सरकण्यात गाडीची एकूण पकड घटते. स्पोर्ट्स कार बुटकी आणि रुंद असण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

आणि ब्रेक. तीच १५०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणायची, १ जीने. लागतात साधारण ३.४ सेकंद आणि १३२ मीटर. एवढ्यात जी गतिज ऊर्जा घालवायची असते ती सुमारे १९.४ लाख ज्यूल. म्हणजे सरासरी ५७० किलोवॉट, साडेसातशे हॉर्सपॉवरहून जास्त. थोडा वाटा हवेच्या अवरोधाचा, बाकी सगळं ब्रेकचं. चारही डिस्कचं लोखंड मिळून ४० किलो धरलं आणि ही सगळी ऊर्जा त्यातच गेली असं मानलं, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तापमान शंभरेक अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ते पुरेसं उतरत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ४ प्रकारात ताज्या फ्लुइडसाठी किमान २३० अंश सेल्सिअसचं मानक आहे, ओलावा शोषलेल्यासाठी फक्त १५५. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडतं.

हे सगळं का सांगितलं? कारण यातलं प्रत्येक वाक्य एक चल आहे: टायरचं तापमान, हवेचा दाब, ब्रेकची अवस्था, ड्रायव्हरचं वळणात शिरणं. लॅप टाइम नावाच्या एका आकड्यात हे सगळे एकत्र कालवलेले असतात.

लॅप टाइम: एक लॅप म्हणजे किती?

मोजमापातला पहिला प्रश्न अगदी बाळबोध वाटतो: आपण जे मोजतोय त्याची व्याख्या काय? नॉर्डश्लाइफेवर अनेक वर्षं कार कंपन्या विक्रम जाहीर करताना साधारण २०.६ किमीचं अंतर धरत. सुरुवातीच्या सरळ पट्ट्याचा छोटा तुकडा त्यात नसे. २०१९ पासून पूर्ण २०.८३२ किमीची मोजणी अधिकृत ठरली. आता २०२१ मध्ये मान्थे किट लावलेल्या पोर्शे ९११ जीटी२ आरएसची एकच लॅप बघा. पूर्ण अंतराला वेळ ६ मिनिटं ४३.३०० सेकंद, जुन्या अंतराला ६ मिनिटं ३८.८३५ सेकंद. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तीच लॅप, आणि फरक जवळजवळ साडेचार सेकंदांचा.

उरलेलं सुमारे २३२ मीटर अंतर ४.४६५ सेकंदांत, म्हणजे ताशी १८७ किमीच्या आसपास. गणित जुळतं, दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण एका गाडीचा जुना आकडा आणि दुसरीचा नवा आकडा शेजारी ठेवून "ही चार सेकंदांनी मागे" असं कोणी लिहिलं, तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू करताना हेच होतं. दोन पेपरमध्ये "ॲक्युरसी" लिहिलेली असते, "जगण्याचं प्रमाण" लिहिलेलं असतं, "गळती" लिहिलेली असते. शब्द एक, व्याख्या दोन. तुलना करायच्या आधी दोन्ही पेपरचे मेथड्स विभाग उघडून सुरुवातीची आणि शेवटची रेषा कुठे आखलीय ते बघायची सवय लावून घ्या.

उपकरण काय दाखवतं, काय लपवतं

फोन डॅशबोर्डवर चिकटवला आणि ॲप सुरू केलं, की डेटा मिळायला लागतो. पण किती बारीक? बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदा स्थान सांगतं. ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला ५६ मीटर. तुमच्या दोन नोंदींमध्ये अर्ध्या फुटबॉल मैदानाइतकं अंतर निघून गेलं. ड्रायव्हरने ब्रेक १० मीटर उशिरा मारला का, हा प्रश्न या उपकरणाला विचारताच येत नाही. सेकंदाला १० नोंदी घेणारा लॉगर असेल तर दोन नोंदींतलं अंतर साडेपाच मीटर. आता तो प्रश्न निदान शक्यतेच्या कोटीत येतो.

फोनमधला ॲक्सिलरोमीटर जास्त जलद नोंदी घेतो, पण त्याची वेगळी खोड आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. फोन गाडीबरोबर ४ अंश कलला, तर गुरुत्वाकर्षणाचा सुमारे ०.०७ जी भाग बाजूच्या त्वरणात मिसळतो. आकडा दिसतो १.०७, खरा असतो १.०० च्या जवळ. मऊ सस्पेन्शनची गाडी जास्त कलते, म्हणून तिचा आकडा जास्त फुगतो. म्हणजे ही चूक सगळ्या गाड्यांना सारखी नाही. जी तुलना करायचीय तिच्याच दिशेने ती झुकते. सगळीकडे सारखी असलेली चूक वजा करून टाकता येते. तुलनेतल्या एकाच बाजूला जास्त लागणारी चूक आधी ओळखावी लागते, नाहीतर तीच तुमचा "निष्कर्ष" होऊन बसते.

आणि शरीर? तेही एक उपकरणच. पाठीला, मानेला, हातांना जे जाणवतं त्यातून इन्स्ट्रक्टरला खूप कळतं. पण शरीराला त्वरणातले बदल आणि आवाज जास्त जाणवतात, वेग कमी. ज्या लॅपमध्ये गाडी घसरली, टायर किंचाळले, ती "फास्ट" वाटते. स्टॉपवॉच बहुतेक वेळा उलटं सांगतं. शरीराच्या साक्षीतून प्रश्न सुचतो, उत्तर मात्र मोजूनच काढावं लागतं.

चार लॅप्स, दोन दाब

आता मुख्य भाग. समजा तुमचं गृहीतक असं: पुढच्या टायरमधला हवेचा दाब ३० पीएसआयऐवजी ३३ ठेवला तर लॅप टाइम कमी होतो. सकाळच्या पहिल्या सेशनला ३० ठेवला, दुसऱ्याला ३३. आकडे मी समजावण्यासाठी रचलेत, पण अशा डेटाचं वळण साधारण असंच असतं.

पहिलं सेशन (३० पीएसआय): १४१.४, १३८.९, १३७.६, १३८.३ सेकंद.
दुसरं सेशन (३३ पीएसआय): १३७.२, १३६.१, १३६.८, १३८.० सेकंद.

सरासरी १३९.०५ आणि १३७.०३. फरक दोन सेकंदांचा! ट्रॅकवर दोन सेकंद म्हणजे प्रचंड. पेपर लिहायला बसायचं?

पहिल्या सेशनच्या पहिल्या तीन लॅप्स परत बघा. दाब न बदलताच वेळ १४१.४ वरून १३७.६ वर आली. ड्रायव्हर ट्रॅक शिकतोय. दुसऱ्या सेशनला तो आधीच शिकून आलाय. म्हणजे दोन सेकंदांत दाबाचा वाटा किती आणि सरावाचा किती, हे या डेटातून वेगळं काढताच येत नाही. याला कन्फाउंडिंग म्हणतात. यावर कुठलंही सॉफ्टवेअर, कुठलीही टेस्ट मागाहून उपाय करू शकत नाही. उपाय प्रयोगाच्या आधी, आराखड्यात करायचा असतो.

त्यातला सोपा आराखडा म्हणजे क्रम अ-ब-ब-अ ठेवणं. पहिलं आणि चौथं सेशन ३० वर, दुसरं आणि तिसरं ३३ वर. समजा सेशनच्या सरासऱ्या अशा आल्या: १३९.०, १३७.०, १३६.०, १३४.८. आता ३० पीएसआयची सरासरी १३६.९ आणि ३३ ची १३६.५. दोन सेकंदांचा फरक आटून ०.४ वर आला. सराव सरळ रेषेत वाढत असेल तर दोन्ही बाजूंना तो सारखाच मिळतो आणि वजाबाकीत निघून जातो.

पण थांबा, सराव सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या सेशनला झपाट्याने, नंतर हळूहळू. ती पहिली अवघड चढण ३० पीएसआयच्याच वाट्याला आली. म्हणजे उरलेल्या ०.४ मध्येही सरावाचा अंश असू शकतो. मग काय करायचं? पहिलं सेशन फक्त सरावाचं ठेवायचं, त्याचे आकडे विश्लेषणात घ्यायचेच नाहीत. आणि हे आधी ठरवून वहीत तारीख टाकून लिहून ठेवायचं. आकडे बघितल्यावर "हे सेशन सरावाचं होतं" असं म्हणणं ही वेगळी गोष्ट. तिला आपल्याकडे साध्या मराठीत सोयीस्कर विसरणं म्हणतात.

अजून दोन सापळे याच डेटात आहेत.

पहिला: चार लॅप्स आहेत, म्हणून नमुना चारचा, असं वाटतं. पण एका सेशनच्या चारही लॅप्सना ऊन तेच, ट्रॅकचं तापमान तेच, ड्रायव्हरचा मूड तोच. त्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. दाब तुम्ही सेशनला एकदा बदलता, लॅपला नाही. म्हणून खरा नमुना मोजायचा तो सेशन्सचा. दिवसभरात प्रत्येक दाबाला दोनच मिळाले. लॅप्स मोजून नमुना फुगवण्याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. एका कुंडीतली दहा पानं मोजून "दहा रोपं" म्हणण्यासारखंच ते, आणि कुठल्याही शाखेतला परीक्षक याच जागी बोट ठेवतो.

दुसरा: सगळ्यात वेगवान लॅप. ट्रॅकवर सगळे "बेस्ट लॅप" सांगतात. पण किमान आकडा जितक्या जास्त वेळा प्रयत्न कराल तितका खाली जातो. एका गाडीने २० लॅप्स केल्या, दुसरीने ५, तर दोन्ही गाड्या हुबेहूब सारख्या असल्या तरी पहिलीची बेस्ट लॅप चांगली येण्याची शक्यता जास्त. मशीन लर्निंगवाल्यांनो, ५० रँडम सीड्स चालवून त्यातला सर्वोत्तम निकाल छापणं हेच आहे.

आणि जाता जाता, दोन्ही सेशन्सच्या चौथ्या लॅपकडे पाहिलंत? दोन्हीकडे वेळ वाढली. टायर तापले असतील, ब्रेक थकले असतील किंवा ड्रायव्हरने पेडल मऊ लागतंय हे ओळखून आधीच ब्रेक मारायला सुरुवात केली असेल. मला विचाराल तर या डेटातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच. सरासरी काढताना आपण तिला पुसून टाकत होतो. आलेख काढा. सरासरीच्या आधी, नेहमी.

कधी थांबायचं ते आधी ठरवा

ट्रॅकवर एक शिस्त आहे जी संशोधनात आपण फार उशिरा शिकतो: थांबण्याचा नियम गाडीत बसण्याआधी ठरतो. पेडल मऊ लागलं की पिटमध्ये यायचं. लाल झेंडा दिसला की वेग कमी करून सांगितल्याप्रमाणे आत यायचं. "अजून एकच लॅप" हा निर्णय चालत्या गाडीत घ्यायचा नाही, कारण त्या क्षणी तो घेणारा माणूस तटस्थ नसतो. इथे चूक झाली तर नुसता डेटा जात नाही. माणूस जखमी होऊ शकतो, आणि तो माणूस तुमच्या प्रयोगातला ड्रायव्हर असेल तर जबाबदारी तुमची.

नॉर्डश्लाइफेवर वेळ मोजायला बंदी का, ते इथे कळतं. आकडा समोर आला की माणूस आकड्यासाठी चालवतो. मोजण्याच्या कृतीनेच वागणं बदलतं, आणि इथे ते धोकादायक दिशेने बदलतं. आपल्याकडे नेहमीच्या खासगी कारच्या विमा पॉलिसीतही शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. तेव्हा "मित्राची गाडी आहे, ट्रॅकवर नेऊन डेटा घेऊ" असा बेत प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी पॉलिसी वाचा, आयोजकांचे नियम वाचा आणि माणसांचा सहभाग असल्याने संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागेल हे गृहीत धरा.

मग वेळ मोजता येत नसेल तर संशोधन अडलं का? अजिबात नाही. सेशनच्या आधी आणि नंतर टायरचा दाब व तापमान घेता येतं. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान वेगवेगळं घेतलं तर टायर जमिनीला कसा टेकत होता हे कळतं. फक्त दाब वळणावरचा वेग बदलतो का, हा प्रश्न लॅप टाइमपेक्षा जास्त नेमकाही आहे. एक वळण, एक चल. संपूर्ण लॅपमध्ये कालवलेल्या डझनभर गोष्टींपासून तुम्ही सुटता.

याचा उपयोग कोणाला?

"श्रीमंतांच्या खेळावर संशोधन कशाला?" असं तुम्हाला कोणीतरी विचारेलच. उत्तर तयार ठेवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने "शेली" नावाची स्वयंचलित ऑडी टीटीएस कॅलिफोर्नियातल्या थंडरहिल ट्रॅकवर पकडीच्या मर्यादेपर्यंत चालवली. हेतू शर्यत जिंकणं हा नव्हता. रस्त्यावर अचानक काही आडवं आलं तर गाडीला टायरची सगळी पकड वापरून अपघात टाळता यावा, यासाठी मर्यादेजवळ टायर कसा वागतो ते माहीत हवं. ताशी १०० वरून १ जीने थांबायला साधारण ३९ मीटर लागतात. पावसात पकड निम्मी झाली तर ७९. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या साध्या हॅचबॅकलाही हेच गणित लागू आहे. ट्रॅक ही फक्त अशी जागा आहे जिथे ती मर्यादा मोकळ्या जागेत, समोरून कोणी येत नसताना गाठता येते.

आणि या क्षेत्रात काम संपलंय असंही नाही. टायरचं बल सांगणारं सगळ्यात प्रसिद्ध समीकरण डेल्फ्टच्या हान्स पासेय्का यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याला "मॅजिक फॉर्म्युला" म्हणतात, कारण ते रबराच्या भौतिकीतून निघालेलं नाही. मोजलेल्या वक्रावर छान बसतं, म्हणून वापरलं जातं. बसतं का आणि कुठे बसत नाही, या दोन्ही प्रश्नांत अजून जागा आहे.

आता तुमचं काम

स्पोर्ट्स कार परवडत नाही, ट्रॅक हजार किलोमीटर दूर आहे, हे खरंच. पण प्रश्न बांधायला ते लागत नाही. स्टॅनफर्डने रेसिंग कार्सवर घेतलेला काही डेटा अभ्यासकांसाठी खुला केलाय. चांगले रेसिंग सिम्युलेटर टेलिमेट्री बाहेर काढू देतात. गावात गो-कार्टिंग असेल तर फोन आणि टायर प्रेशर गेज एवढ्यावरही सुरुवात होते.

एक कोरा कागद घ्या आणि पाच ओळी लिहा.

१. मी काय बदलणार आहे? एकच गोष्ट.
२. मी काय मोजणार आहे, आणि त्याची सुरुवातीची व शेवटची रेषा कुठे आहे?
३. माझं उपकरण किती बारीक बघू शकतं? मला अपेक्षित असलेला फरक त्याहून मोठा आहे का?
४. माझा नमुना कशाचा? मी बदल ज्या पातळीवर करतो, त्याच पातळीवर मोजतोय ना?
५. कोणता निकाल आला तर मी "माझं गृहीतक चुकलं" असं मान्य करेन, आणि कोणत्या क्षणी प्रयोग थांबवेन?

तिसऱ्या ओळीवर बहुतेक जण अडकतात. अडकलात तर उत्तमच, कारण ते अडकणं घरी टेबलावर झालेलं बरं. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये ते फार महाग पडतं. पाचही ओळी भरल्या की तो कागद गाइडकडे घेऊन जा. "मला हाय-परफॉर्मन्स कार्सवर काम करायचंय" याऐवजी "पुढच्या टायरचा दाब ३ पीएसआयने बदलल्यावर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावरचा वेग बदलतो का, हे मला बघायचंय" असं म्हणा. ते लगेच दहा त्रुटी काढतील. त्या लिहून घ्या. तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान त्यातूनच तयार होतं.